दोष शोधणे आणि दोष देणे

दिवाळीच्या आधीची साफसफाई ही आमच्या गावात नुसती झाडलोट नसते. तो घराचा एक प्रकारचा पंचनामाच असतो. पावसाळ्याचे चार महिने ओल धरून बसलेल्या वस्तू माळ्यावरून खाली येतात, अंगणात उन्हाला मांडल्या जातात, आणि आपल्याकडे काय काय आहे हे घरातल्यांना वर्षातून एकदा कळते. गेल्या वर्षी शेजारच्या काकींच्या माळ्यावरून एक समई, दोन फुटके कंदील आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक कॅमेरा निघाला. काकींनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "शाळेत ने. पोरांना दाखवायला होईल. बिघडलेला आहे म्हणा. तूच सांगितलं होतंस ना तेव्हा, चावी अडते म्हणून?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आठवण होती, एवढेच. मी "हो" म्हणालो आणि कॅमेरा घेऊन घरी आलो. कबूल करायला हवे की, त्या कॅमेऱ्याबद्दल मी बोललेले ते दुसरे खोटे होते. पहिले मी तेरा वर्षांचा असताना बोललो होतो.

काका मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि ते पाचाडला परत आले. येताना त्यांनी आणलेल्या वस्तूंत एक पत्र्याची ट्रंक आणि हा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा एवढ्याच काय त्या आम्हा मुलांच्या लेखी मोलाच्या. काळ्या रंगाचा, साधासुधा, बडोद्याला तयार झालेला. त्या काळी पुष्कळ बेताच्या घरांतून दिसणारा. रायगड पाहायला आलेली मंडळी रविवारी जिजाऊंच्या समाधीपाशी टेकत, तेव्हा काका त्यांचे फोटो काढीत आणि पत्ता लिहून घेऊन मागाहून पोस्टाने पाठवीत. त्यात चार पैसे मिळत. पण पैशापेक्षाही, रोल महाडहून धुऊन आला की पाकीट उघडताना काकांचा जो चेहरा होई, तो मला अधिक आठवतो.

१९९३ च्या पाडव्याला काकांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "आज आजीचा फोटो तू काढ." आजी म्हणजे काकांची आई. फोटोला जन्मभर नकार देणारी ती म्हातारी त्या दिवशी का कोण जाणे, नवे लुगडे नेसून ओट्यावर येऊन बसली. मी खटका दाबला. तेवढ्यात शिंगे रंगवलेले, गळ्यात झेंडूच्या माळा घातलेले बैल वाटेने आले. मी धावलो आणि त्यांचाही फोटो घेतला. मधे चावी फिरवायची राहून गेली.

काका जपून फोटो काढणारे. रोल संपायला माघ उजाडला, आणि पौषात आजी गेली होती. पाकिटातून तो फोटो निघाला तेव्हा बैलाच्या पाठीतून आजीचे डोळे पाहत होते आणि तिच्या कपाळाच्या जागी झेंडूची माळ होती. काका रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "असं कसं झालं रे?" मला सारे लख्ख आठवत होते. मी म्हणालो, "चावी अडत होती, काका. मी फिरवली, पण फिरलीच नाही."

यंत्रावर दोष ढकलणे किती सोपे! यंत्राला अब्रू नसते, ते उलट उत्तर देत नाही, आणि त्याला काही वाईटही वाटत नाही. कोणाचेही न बिघडवणारे खोटे जर जगात असेल, तर ते हेच, अशी माझी तेव्हा समजूत होती. पुढे शिक्षक झाल्यावरही ती पुष्कळ वर्षे टिकून होती.

आता हा कॅमेरा कसा चालतो ते थोडे सांगितले पाहिजे, म्हणजे माझे खोटे काकांना पटले कसे ते कळेल. यात एकशेवीस नंबरचा रोल बसतो. हा रोल १९०१ साली निघाला आणि आजही तयार होतो. फिल्म सहा सेंटिमीटरच्या आसपास रुंद, तिच्या पाठीला एक लांब कागद, आणि दोन्ही मिळून एका रिळाला गुंडाळलेली. एका बाजूचे भरलेले रीळ रिकामे होत जाते आणि दुसऱ्या बाजूचे रिकामे रीळ भरत जाते. कागदाच्या पाठीवर आकड्यांच्या तीन ओळी छापलेल्या असतात : एक आठ फोटोंची, एक बारांची, एक सोळांची; ज्या कॅमेऱ्याचा फोटो जेवढा, त्याप्रमाणे त्याची ओळ. कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची एक बारीक खिडकी असते. फोटो काढला की तीत डोळा घालून चावी फिरवीत राहायचे, आणि पुढचा आकडा मधोमध आला की थांबायचे. विसरलात, तर कॅमेरा तुम्हांला अडवीत नाही. पहिल्या फोटोवर निमूटपणे दुसरा घेतो.

महागड्या कॅमेऱ्यांत यावर कुलूप असते. १९३७ साली निघालेल्या जर्मन रोलिफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये तर कागदावर फिल्म कुठे सुरू झाली ते तिच्या जाडीवरून कॅमेराच ओळखतो, आणि फिल्म पुढे सरकल्याशिवाय खटका दाबूच देत नाही. काकांच्या कॅमेऱ्यात असले काही नव्हते. त्यात सारी भिस्त माणसाच्या लक्षावर. म्हणून तर तेरा वर्षांच्या मुलाच्या शब्दालाही तिथे किंमत आली. कारण फिल्म का सरकली नाही हे सांगणारा दुसरा साक्षीदारच नव्हता.

काकांनी पुढे काय केले ते मला पुरते ठाऊक नव्हते. मी एवढेच पाहिले, की रविवारी ते समाधीकडे जाईनासे झाले आणि कॅमेरा माळ्यावर गेला.

काकींनी दिलेला कॅमेरा आठ दिवस माझ्या टेबलावर पडून होता. नवव्या दिवशी तो पिशवीत घालून मी महाडला गेलो. तिथे घड्याळे आणि कॅमेरे दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांचे दुकान बुडाले. हत्यारांचा डबा गाळातून उपसून काढून, एकेक चिमटा घासूनपुसून त्यांनी पुन्हा काम मांडले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, हा मी पाहिलेला आहे. पाचाडचे एक गृहस्थ तीनदा घेऊन आले होते. चावी अडते म्हणायचे. मला काही सापडलं नाही, म्हणून मी पैसे घेतले नाहीत."

मी विचारले, "सापडलं नाही म्हणजे दोष नव्हताच का?"

ते म्हणाले, "न सापडणारा दोष दोन जातींचा. एक कधीमधी होणारा, आणि एक मुळात नसलेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्या गृहस्थांना मी काय सांगणार? म्हटलं, भरवसा देता येत नाही."

त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हते. मी तिथे दोन तास बसलो आणि फिल्म अडण्याची कारणे त्यांच्याकडून ऐकली. शोधण्याचा त्यांचा क्रम ठरलेला आहे : आधी हात, मग रोल, मग रीळ, आणि सगळ्यांत शेवटी यंत्र. फिल्म पुढे जात नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला ते प्रथम सांगतात, "माझ्यासमोर रोल भरून दाखवा." निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असे ते म्हणाले. कोणी कागदाचे टोक रिकाम्या रिळाच्या फटीत नीट खोवलेले नसते, त्यामुळे चावी फिरते आणि कागद जागचा हलत नाही. कोणी ते तिरके खोवलेले असते, मग कागद एका कडेला चढत जातो आणि आठव्या-नवव्या फोटोपाशी आवळून बसतो. रोलिफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात कागद त्या जाडी ओळखणाऱ्या रुळाखालून न्यायचा असतो. तो वरून गेला, तर कॅमेऱ्याला फिल्म सुरू झाल्याचे कळतच नाही, आणि पहिला आकडा न येताच अख्खा रोल गुंडाळला जातो. मालक म्हणतो, कॅमेरा बिघडला!

हातात दोष नसेल तर रोल पाहायचा. आमच्या कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षे पडलेला कागद फिल्मला चिकटतो आणि ओढताना कचरतो. मग रीळ. कागदावर जो ताण राहायला हवा तो न राहिला, तर रीळ सैल आणि फुगीर गुंडाळले जाते आणि कडांतून उजेड शिरतो. यातली मौज अशी, की सैलपणा पहिल्या वेढ्याला आलेला असतो आणि कळतो मात्र रोल बाहेर काढताना. एवढे सारे पाहून झाले की मगच झाकणाचे स्क्रू काढायचे. आत चावी उलटी फिरू न देणारी पट्टी झिजलेली असू शकते, जुने वंगण गोंदासारखे घट्ट झालेले असू शकते. पण अडलेल्या चावीवर जोर मात्र कधीही करायचा नाही. "जोर केला की जो दोष शोधायचा तोच मोडून जातो," ते म्हणाले, "आणि मग दुरुस्त करायला दुसराच शिल्लक राहतो."

मला त्यांच्या क्रमातली पहिली पायरी टोचत होती. मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही आधी माणसालाच गुन्हेगार धरता."

ते हसले. "नाही हो. हात आधी तपासायचा तो हात पापी म्हणून नव्हे. तो तपासायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही म्हणून."

या एका वाक्यावर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. दोष शोधणे आणि दोष देणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. दोन्हींची सुरुवात एकाच प्रश्नाने होते : हे कशाने झाले? पण शोधणाऱ्याला उत्तर हवे असते ते पुढचा फोटो नीट यावा म्हणून. दोष देणाऱ्याला पुढच्या फोटोशी कर्तव्य नसते. त्याला मागचा प्रश्न मिटवायचा असतो. म्हणून शोधणारा जवळून सुरुवात करतो, आणि दोष देणारा जितका लांबचा धनी मिळेल तितका पाहतो. मी तेव्हा "चावी अडत होती" म्हणालो, ते काही उत्तर नव्हते; ते प्रश्नाच्या तोंडात कोंबलेले बोळे होते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर सारा बोध "स्वतःला दोष द्या" एवढ्यावरच संपेल. माझ्या वर्गात काही मुले अशी असतात, की काहीही मोडले, सांडले, हरवले तरी प्रश्न पुरा होण्याआधीच म्हणतात, "गुरुजी, माझंच चुकलं." अशा मुलांचे आपण कौतुक करतो. पण त्यातल्या कित्येकांना पुढची विचारपूस टाळायची असते, हे मी अनुभवाने शिकलो. चटकन पत्करलेला दोष हासुद्धा शोध थांबवण्याचाच एक मार्ग आहे. हात तपासा म्हणजे हातावर छडी मारा असे नव्हे. तपासावा, निर्दोष आढळला तर तसे म्हणावे, आणि पुढच्या पायरीकडे वळावे.

आणि काही दोष तर असे असतात, की ते कोणाचेच नसतात. दुरुस्तीवाल्यांनी मला एक जुना परदेशी कॅमेरा दाखवला. त्यात एकशेवीसचा रोल घातला की चावी दोन वेढ्यांत आवळून बसे. कॅमेरा उत्तम होता, रोल नवा होता, भरणाऱ्याचा हात सराईत होता. खरी गोष्ट अशी, की तो कॅमेरा सहाशेवीस नंबरच्या रोलसाठी बनवलेला. कोडॅकने १९३१ च्या सुमारास हा नंबर काढला. फिल्म तीच, कागद तोच, पण रीळ बारीक. १९९५ मध्ये तो बंद झाला आणि हे कॅमेरे पोरके झाले. लोक त्यांत एकशेवीसचे रीळ बसवू पाहतात, कडा तासतात, ओढतात, आणि मग कॅमेऱ्याला शिव्या देतात. दोघेही निर्दोष, जोडी विजोड, एवढेच. उपाय म्हणाल तर अगदी साधा : अंधारात फिल्म सोडवून जुन्या बारीक रिळावर गुंडाळायची. पण तो सुचायला आधी कोणाला तरी दोषी धरण्याची घाई सोडावी लागते.

तो कॅमेरा पाहताना मला माझ्या वर्गातली कातकऱ्यांची मुले आठवली. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप वीटभट्टीवर जातात, मुलेही बरोबर जातात, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. जूनमध्ये पाटी पुढे ठेवावी तर दिवाळीपर्यंत शिकलेले पुसून गेलेले. किती वर्षे मी म्हणत आलो, "पोराच्या डोक्यात शिरत नाही!" कधी त्याच्या आईबापांना बोल लावला, कधी पुस्तकाला. पण मूल शहाणे आहे, पुस्तक बरे आहे, आईबाप पोटासाठीच जातात. शाळेचे वर्ष आणि त्यांचे वर्ष यांची रिळे वेगळ्या मापाची आहेत. हे उमगल्यावर सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. पण आता दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्यांच्या पिशवीत सहा महिन्यांचा अभ्यास निराळा बांधून देतो, आणि जूनमध्ये त्यांना पुढच्या पाठावर न ओढता जिथे ती थांबली तिथून सुरुवात करतो. जोर कमी झाला, तेव्हा थोडे सरकू लागले.

असो. दुरुस्तीवाल्यांनी मला मुदत संपलेला एक रोल दिला आणि परीक्षा कशी घ्यायची ते सांगितले. हा रोल वायाच घालवायचा. तो कॅमेऱ्यात भरायचा, लाल खिडकीतून पाहत एकेका आकड्यापर्यंत चावी फिरवायची, दर वेळी भर उजेडात मागचे झाकण उघडून चौकटीच्या दोन्ही कडांशी कागदावर पेनाने रेघ मारायची, झाकण लावून पुढे जायचे. शेवटी सारा कागद बाहेर काढून जमिनीवर पसरायचा. चावी कुठे घसरत असेल, अडत असेल, तर रेघा खोटे बोलत नाहीत. दोन चौकटी एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

धनत्रयोदशीच्या दुपारी मी ओट्यावर बसून ही परीक्षा घेतली. बारा वेळा चावी फिरवली, बारा वेळा झाकण उघडले. चावी लोण्यासारखी फिरत होती. कागद पसरला, पट्टी घेऊन मोजला. बारा चौकटी, प्रत्येकीमध्ये सारखे अंतर. एकही दुसरीवर चढलेली नव्हती. तीस वर्षांहून अधिक काळ माळ्यावर पडलेला तो कॅमेरा पूर्ण निर्दोष होता. मला हे पहिल्यापासून ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे, आणि पुरावा पायापाशी उलगडून पडलेला पाहणे वेगळे.

संध्याकाळी तो कागद गुंडाळून मी काकींकडे गेलो. त्या पणत्यांच्या वाती वळीत होत्या. मी सगळे सांगितले : आजी, बैल, राहून गेलेली चावी, आणि मी काय बोललो ते. सांगताना मनात होते, की चाळीशी उलटलेल्या माणसाची ही कबुली त्यांना थोडी हास्यास्पदच वाटेल. कॅमेऱ्याची ती काय बेअब्रू!

काकींच्या हातातली वात तशीच राहिली. काही वेळाने त्या म्हणाल्या, "ते स्वतःलाच बोल लावीत बसले रे. म्हणायचे, आईचा एकच फोटो व्हायचा होता आणि मी पोराच्या हातात अडणारा कॅमेरा दिला. आधी तपासायला हवा होता मी. तुझं नाव एकदा नाही काढलं. पण पुन्हा कुणाचा फोटो काढायला धजावले नाहीत. लोकांचे पैसे घ्यायचे, आणि मशीन दगा द्यायचं, म्हणायचे."

यावर मला बोलता आले नाही. यंत्राला दिलेला दोष यंत्रापाशी थांबतो, ही माझी लहानपणची समजूत त्या ओट्यावर संपली. दोषाला धनी लागतोच. निर्जीव वस्तू तो ठेवून घेत नाही. ती तो पुढे सरकवते, आणि जवळपास जो सर्वांत सरळ माणूस असेल, जो आधी स्वतःचा हात तपासणारा असेल, त्याच्या पदरी तो जाऊन पडतो. काका आयुष्यभर शोधणारे होते. तीनदा महाडला खेपा घालून त्यांनी यंत्र तपासले, आणि तिथे काही सापडेना तेव्हा स्वतःला तपासले. ज्या एका ठिकाणी दोष होता, तिथे त्यांनी पाहिले नाही. कारण माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

काका चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना हे सांगता आले असते अशी कितीतरी वर्षे माझ्या हातात होती, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे. काकींनी मला क्षमा केली की नाही, ते मी विचारले नाही. त्यांनी वात पुरी वळली, तबकात ठेवली, आणि माझ्यासमोर फराळाची बशी सरकवली.

पाडव्याच्या सकाळी मी नवा रोल भरून कॅमेरा घेऊन गेलो. काकी ओट्यावर बसल्या, बरोबर आजी बसली होती त्याच जागी. मी खिडकीत पाहिले, पहिला आकडा मधोमध आणला आणि खटका दाबला. मग लगेच चावी फिरवली. वाटेने बैल येत होते, पण त्यांच्याकडे मी कॅमेरा वळवला नाही. रोल संपायची वाटही पाहिली नाही. मागच्या वेळी त्या वाट पाहण्यातच माघ उजाडला होता. उरलेली अकरा घरे कोरीच गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी रोल धुवायला मुंबईला पाठवून दिला.

फोटो आला आहे. त्यात काकी एकट्याच आहेत. काकींनी तो काकांच्या तसबिरीशेजारी लावला आहे, आणि कॅमेरा शाळेत आहे. मुले तो भरायला शिकतात. चावी अडली, असे कोणी म्हणाले, तर मी म्हणतो, "बरं. माझ्यासमोर भरून दाखव."